व्याल्यावर म्हैस बसते आणि मग दगडी होते, ते का?



जिंतूर तालुक्यातल्या एका श्रोत्या भावाचं पत्र कार्यक्रमाकडे आलं. मजकूर थोडक्यात असा : "म्हैस तिसऱ्या वेताला जनली. दुसऱ्या दिवशी रात्री बसली ती उठेना. कान गार पडले, मान पोटाकडं वळवून पडून राहिली. डॉक्टरसाहेबांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली आन् तासाभरात म्हैस उभी राहिली. पर आठव्या दिवशी एका बाजूची कास दगडावाणी झाली, दुधात गाठी यायला लागल्या. गावात समदे म्हणतात, बाटलीनंच कास गेली. पुढच्या वेताला बाटली द्यावी का नाही?"

प्रश्न एकट्याचा नाही. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठंही दूधवाल्याच्या ओट्यावर बसा, हीच तक्रार ऐकू येते. आणि तिला उत्तर देणं जरुरीचं आहे. कारण या समजुतीपायी पुढच्या खेपेला कोणी बाटली नाकारली, तर कासच काय, म्हैसही हातची जाईल. घरात दूधदुभत्यावर चाललेला संसार असेल तर एक म्हैस जाणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

म्हणून दोन गोष्टी नीट समजून घेऊ. जनावर बसतं का, आणि बसून उठलेल्या जनावराची कास का बिघडते. पहिली गोष्ट पुष्कळांच्या परिचयाची आहे, ती लवकर आटोपतो. दुसरीला जरा खोलात शिरावं लागेल. पार रक्तातल्या पेशीच्या दारापर्यंत.

चीक आणि चुना

कॅल्शियम म्हणजे आपल्या चुन्यातलं मूळ तत्त्व. हाडं, दात, अंड्याचं कवच त्याचंच. गाईच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण साडेआठ ते दहा मिलिग्रॅम असतं. पूर्ण गाईच्या रक्तद्रवातलं एकूण कॅल्शियम एकत्र केलं तर जेमतेम तीन ग्रॅम भरेल. छोटा चमचाही भरायचा नाही. आणि एक लिटर चिकातून दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम बाहेर जातं. दहा लिटर चीक काढला की वीस ग्रॅमच्या वर गेलं! म्हणजे रक्तात जेवढं आहे त्याच्या सहा-सात पट एका दिवसात कासेनं ओढून घेतलं.

हा खड्डा भरायला हाडांतला साठा मोडावा लागतो आणि आतड्यातून जास्त शोषून घ्यावं लागतं. ते काम मानेतल्या बारीक ग्रंथींचा रस आणि 'ड' जीवनसत्त्व मिळून करतात. पण ही यंत्रणा हुकूम मिळाल्याबरोबर चालू होत नाही, एक-दोन दिवस घेते. पहिलारू जनावराची हाडं कोवळी, ती पटकन देतात. तिसऱ्या-चौथ्या वेतापुढं हाडं चिवट होतात. म्हणून चांगल्या दुधाचं, वयात आलेलं जनावर व्याल्यापासून तीन दिवसांच्या आत बसतं. रक्तातलं कॅल्शियम साडेपाच मिलिग्रॅमच्या खाली उतरलं की स्नायू आखडेनासे होतात. पाय धरत नाहीत, पोट फुगतं, शेण थांबतं, नाकपुडी कोरडी पडते, कान गार. याला आपण 'दुधाचा ताप' म्हणतो, पण यात ताप नसतोच. अंग उलट थंड पडतं. नाव कोणी ठेवलं कोण जाणे.

आमच्याकडं हमखास विचारतात : "साहेब, आपली जमीन चुनखडीची, नांगराला चुनखड लागते, मग जनावराला चुना कमी कसा?" प्रश्न रास्त आहे. पण म्हैस माती खात नाही, कडबा खाते. ज्वारीच्या धाटात कॅल्शियम थोडंच उतरतं. तूर, सोयाबीन, लसूणघास, बरसीम अशी द्विदल पिकं मात्र ते भरपूर घेतात. त्यात गंगाखेड-पाथरीच्या ऊसपट्ट्यात हंगामात गव्हाणीत नुसतं वाढं पडतं. वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचं आम्ल असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर घालवतं. जमिनीत आहे, पण पोटात लागत नाही, असा हा प्रकार.

इथं एक गोष्ट ध्यानात धरा. बसलेलं जनावर डोळ्याला दिसतं. पण कॅल्शियम साडेपाच आणि आठ यांच्या मधे घुटमळत असलं, तर जनावर उभं असतं, थोडंफार खातं, दूधही देतं. कोणाला संशय येत नाही. ही छुपी कमतरता. तिचा डाव पायांपेक्षा दुसरीकडं असतो.

पेशीच्या वेशीवरचं दार

रक्तात तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी असतात. अंगात शिरलेल्या जंतूला मारणं हे त्यांचं काम. त्यात दोन तऱ्हा. काही पेशी आघाडीवर धावून जंतू गिळतात. आणि काही, ज्यांना लसिका पेशी म्हणतात, त्या शत्रू ओळखतात, बाकीच्यांना हुकूम सोडतात आणि ओळख लक्षात ठेवतात. घटसर्पाची किंवा लाळ्या-खुरकुताची लस आपण टोचतो, ती या दुसऱ्या तऱ्हेच्या पेशींना ओळख करून देण्यासाठीच.

आता एक लसिका पेशी म्हणजे जुनं गाव समजा, भोवती गावकूस असलेलं. वेशीच्या बाहेर, म्हणजे रक्तद्रवात, सुटं कॅल्शियम मुबलक. वेशीच्या आत मात्र ते बाहेरच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकंच ठेवलेलं असतं. एवढा फरक राखायला पेशी रात्रंदिवस खपते. आत शिरलेला कण अन् कण पंपानं बाहेर फेकते.

ही उठाठेव कशासाठी? कारण कॅल्शियम ही पेशीची दवंडी आहे. गावात दिवसभर हलगी वाजत राहिली तर दवंडीला कोण कान देईल? एरवी शांत असतं म्हणून वाजली की माणसं बाहेर येतात. तसंच, आत कॅल्शियम एरवी नसतं म्हणून ते वाढलं की पेशी जागी होते.

गावात एक पेवही आहे. आपल्या वाडवडिलांनी ज्वारी साठवायला जमिनीत पेवं काढली होती, जुन्या वाड्यांतून त्यांच्या खुणा अजून सापडतात. पेशीतही असं एक पेव असतं, त्यात कॅल्शियम साठवलेलं. लसिका पेशीला जंतूचा तुकडा भेटला की वेशीवरची खूणगाठ पटते, आतून एक निरोप्या धावतो आणि पेवाचं तोंड उघडतो. कॅल्शियम बाहेर पडतं. पण पेव लहान, पुरवठा क्षणभराचा. जंतूशी लढाई उभी करायची तर दवंडी बराच वेळ, कधी तासन् तास वाजत राहावी लागते. तेवढं कॅल्शियम बाहेरूनच यायला हवं.

बाहेरचं दार उघडतं कसं, हे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं कोडं होतं. पेव रिकामं झालं की वेस उघडते एवढं कळलं होतं, पण पेवाची खबर वेशीला देतो कोण? २००५ साली तो राखणदार सापडला. त्याचं नाव स्टिम. तो पेवाच्या भिंतीत असतो, एक हात पेवात, एक हात बाहेर. आतल्या हाताला कॅल्शियम चिकटलेलं असेतोवर गप्प बसतो. पेव खाली झालं, हात मोकळा झाला, की हे राखणदार एकत्र जमतात, पेव जिथं गावकुसाला टेकलंय तिथं सरकतात आणि दाराला हात घालतात. पुढच्या वर्षी, २००६ साली, ते दारही सापडलं. त्याला ओराय म्हणतात. ग्रीक लोकांच्या पुराणात स्वर्गाच्या दारावरच्या राखणदारांचं हे नाव. आपल्याकडं शोध लागला असता तर जय-विजय ठेवलं असतं!

हे दार सापडलं तेही दुःखातून. काही बाळं जन्मतःच साध्या जंतूसंसर्गापुढं टिकत नव्हती. तपासलं तर लसिका पेशी हजर, संख्येला कमी नाहीत, पण जाग्या होत नव्हत्या. ओराय दाराच्या नकाशात, म्हणजे त्यांच्या आनुवंशिक लिखाणात, एका अक्षराची चूक होती. दार होतं, पण उघडत नव्हतं.

दार उघडलं की कॅल्शियम आत लोटतं आणि कॅल्सिन्युरिन नावाच्या कारभाऱ्याला उठवतं. तो एका हुकूमनाम्यावरचं सील फोडतो. तो हुकूमनामा कचेरीत, म्हणजे पेशीच्या केंद्रात जातो, आणि तिथून पेशी वाढवण्याचे, कुमक बोलावण्याचे आदेश निघतात. मधेच कॅल्शियम आटलं तर हुकूमनामा कचेरीतून परत फिरतो. काम अर्धवट. ज्यांचं मूत्रपिंड बदललेलं असतं अशा माणसांना सायक्लोस्पोरिन नावाचं औषध देतात, ते याच कारभाऱ्याला बांधून ठेवतं, म्हणजे शरीर परक्या मूत्रपिंडावर तुटून पडत नाही. हे औषध मातीतल्या एका बुरशीपासून मिळालं. आपण बुरशी म्हटलं की फवारणीच आठवते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

उघडणं जितकं गरजेचं तितकंच मिटणं. आत कॅल्शियम तुंबून राहिलं तर पेशी मरते. म्हणून दाराशी कॅल्शियमची गर्दी झाली की त्या गर्दीनंच दार आपोआप लोटलं जातं. शेजारची ऊर्जाघरं काही कॅल्शियम पोटात घेऊन गर्दी हटवतात, म्हणजे दार जरा जास्त वेळ उघडं राहतं. पंप एकीकडं बाहेर उपसतात, दुसरीकडं पेव भरतात. पेव भरलं की स्टिम जाग्यावर परततो आणि वेस बंद होते. यात पोटॅशचंही काम आहे. कॅल्शियम आत येताना विजेचा धन भार घेऊन येतं, तो आत साठला तर पुढचं कॅल्शियम ओढलं जात नाही. म्हणून पेशी दुसऱ्या दारानं पोटॅशियम बाहेर सोडते आणि हिशोब जुळवते. पाटाच्या पाण्यासारखं आहे. वरची चारी उघडताना खालचं तोंड कोणी मोकळं केलं नाही तर पाणी तिथंच तटतं.

आता व्यालेल्या म्हशीकडं या

वेशीबाहेरचंच कॅल्शियम ओसरलं तर काय होईल? पेव पुरतं भरणार नाही. दवंडी क्षीण वाजेल. पांढऱ्या पेशी असतील, पण जाग्या व्हायला उशीर लावतील.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स इथं जनावरांच्या रोगांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या किमुरा, राइनहार्ट आणि गॉफ या शास्त्रज्ञांनी २००६ साली व्यायला आलेल्या आणि दुधाचा ताप झालेल्या गाईंच्या पांढऱ्या पेशी काढून तपासल्या. त्यांना दिसलं, की पेशींच्या पेवातला साठा रक्तातलं कॅल्शियम घसरण्याच्या आधीपासूनच उतरू लागतो. आजारी गाईंच्या पेशींना चेतवलं तर आतली कॅल्शियमची उसळी कमी येते. आणि शिरेतून कॅल्शियम दिल्यावर तीच उसळी सुधारते. पुढं २०१२ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या पाहणीत, छुपी कमतरता असलेल्या गाईंत आघाडीवरच्या, जंतू गिळणाऱ्या पेशी कमजोर आढळल्या. हे काम गाईंवरचं आहे, पण दाराची ही रचना माणसात, उंदरात, गाईत एकाच घराण्याची निघाली आहे. म्हैसही त्याच गोतातली.

म्हणजे पत्रातल्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर उलट आहे. बाटलीनं कास गेली नाही. बाटली ज्यासाठी द्यावी लागली, त्या कमतरतेनंच कासेची राखण ढिली केली होती. १९८३ साली अमेरिकेत होल्स्टीन गाईंच्या नोंदी लावून पाहिल्या तेव्हा दुधाचा ताप झालेल्या गाईंत दगडीचं प्रमाण इतर गाईंच्या सुमारे आठ पट निघालं.

पेशींखेरीज आणखी दोन कारणं आहेत, ती साधी पण महत्त्वाची. सडाच्या टोकाला स्नायूचा वळसा असतो, तो धार काढल्यावर भोक आवळून धरतो. कॅल्शियमविना तो स्नायूही ढिला पडतो, सडाचं तोंड उघडं राहतं. आणि जनावर बसलेलं असतं शेणामुतात. उघडं तोंड, खाली घाण, आतले पहारेकरी झोपेत. जंतूला याहून काय पाहिजे? वार वेळेवर न पडणं, गर्भाशयात पू होणं, यांचं मूळही पुष्कळदा इथंच असतं.

मग करायचं काय?

बसलेल्या जनावराला शिरेतून कॅल्शियम द्यावंच लागतं. त्याला घरगुती पर्याय नाही. मात्र ते डॉक्टरांच्याच हातून. हृदयाचा ठोकाही कॅल्शियमच्या दारांवरच चालतो. औषध भराभरा गेलं तर हृदय बंद पडून जनावर तिथल्या तिथं मरतं. म्हणून डॉक्टर बाटली शरीराइतकी कोमट करून, हळूहळू, ठोके ऐकत देतात. त्यांना घाई करू नका, आणि स्वतः किंवा कोणा हौशी माणसाकडून सुई लावून घेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा. अवघड जनावर असेल तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

डॉक्टर येईपर्यंत जनावर आडवं पडू देऊ नका, छातीवर बसतं ठेवा. बाजूला गवताची किंवा भुशाची पोती लावा. खाली कोरडं गवत अंथरा, दर दोन-तीन तासांनी कूस बदला. आणि तोंडातून काही पाजू नका. काही म्हणजे काहीच नको, तेल नको, गुळाचं पाणी नको, चुन्याची निवळी नको. अशा जनावराला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुप्फुसात जातं. कॅल्शियमनं उठलं असतं ते जनावर पाजण्यानं मेलं, अशी उदाहरणं कमी नाहीत.

उठल्यावर पहिले एक-दोन दिवस कास पिळून-पिळून मोकळी करू नका. वासराला पुरेल तेवढा चीक आणि वर थोडं. काही जनावरं दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात, तेव्हा नजर ठेवा. पुढचे पंधरा दिवस कासेला जपा. पहिल्या धारा काळ्या कापडावर किंवा वाटीत काढून गाठी दिसतात का बघा. धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. आणि चारा धारेच्या आधी न टाकता नंतर टाका, म्हणजे सडाचं तोंड आवळेपर्यंत, निदान अर्धा तास, जनावर खात उभं राहील. यात खर्च काही नाही, पण करतात थोडे.

जनावर उभं आहे, चांगल्या दुधाचं आहे, मागच्या वेताला बसलं होतं, तर शिरेतल्या बाटलीचा आग्रह धरू नका. एकदम चढलेलं कॅल्शियम पाहून शरीर स्वतःचं हाडांतून काढण्याचं काम थांबवतं आणि काही तासांनी पातळी पुन्हा घसरते. अशा जनावराला तोंडावाटे द्यायची कॅल्शियमची जेल किंवा गोळी व्याल्याबरोबर एकदा आणि साधारण बारा तासांनी दुसऱ्यांदा द्यावी. जनावर नीट गिळतं आहे याची खात्री करून मगच.

आता जी गोष्ट ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जातात ती. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा करू नका. आपल्याकडं प्रेमापोटी नेमकं हेच करतात : गाभण आहे म्हणून रोज कॅल्शियमची बाटली, वर लसूणघासाचा भारा. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून काढणारी यंत्रणा सुस्तावते, आणि ऐन चिकाच्या दिवशी उठत नाही. शिवाय लसूणघासात आणि भरपूर शेणखत-युरियावर पोसलेल्या संकरित नेपिअरमध्ये पोटॅश खूप असतं. जास्त पोटॅशनं मानेतल्या ग्रंथींच्या रसाला हाडं दाद देत नाहीत. या तीन आठवड्यांत आपला साधा ज्वारीचा कडबा कुट्टी करून द्यावा, वर बेताचं आंबोण. नेहमी हिणवला जाणारा कडबा या दिवसांत चांगल्यात चांगला चारा ठरतो. वाढं तर गाभण आणि दुभत्या जनावराला एकट्यानं कधीच घालू नका, दुसऱ्या चाऱ्यात मिसळा. बाकी वर्षभर क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅमच्या आसपास चालू असावं. शेवटच्या तीन आठवड्यांत कोणतं आणि किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण मॅग्नेशियम त्या दिवसांतही लागतंच.

लाल कंधारी, देवणी गाई किंवा मराठवाडी म्हैस यांचं दूध बेताचं, त्यामुळं त्या सहसा बसत नाहीत. हे सारं मुख्यतः मुऱ्हा, जाफराबादी आणि संकरित गाई पाळणाऱ्यांसाठी. पण व्याल्यानंतरच्या दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी थकलेल्या असतात हे सगळ्याच जनावरांना लागू आहे. म्हणून जनावर व्यायची जागा कोरडी हवी, तिथं आधीच्या आजारी जनावराचं गवत नको.

व्यायची तारीख काढणं सोपं आहे. गाय फळल्यापासून सुमारे नऊ महिने नऊ दिवस, म्हैस सुमारे दहा महिने दहा दिवस. त्यातून दोन महिने मागं या, ती आटवायची तारीख. तीन आठवडे मागं या, ती लसूणघास बंद करायची तारीख. दोन्ही तारखा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. आणि मागच्या वेताला जनावर बसलं होतं का, कास बिघडली होती का, तेही शेजारीच लिहा. डॉक्टर आले की पहिलं तेच विचारतील.